रडण्याच्या चाळीस सेकंद आधी

फोन उत्तम आहे, हे आधीच मान्य करून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना लोक म्हणतील, हिला नवीन काही आलं की भीतीच वाटते. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. नवीन यंत्र दिसलं की माझ्या तोंडाला पाणी सुटतं.

ऑर्लिस नाइन बाजारात आला तेव्हा आमचा विहंग दीड महिन्याचा होता आणि मी बाळंतपणाच्या रजेवर. हृषीने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तीन महागडे अँड्रॉइड फोन निवडून ठेवले होते आणि रोज जेवताना तो त्यांच्या पत्रिका मांडायचा. एकाचा कॅमेरा अंधारातलं मांजर ओळखतो, पण तासाभरात इस्त्रीसारखा तापतो. दुसऱ्याची बॅटरी दोन दिवस जाते, पण खिशात वीट ठेवल्यासारखं वाटतं. तिसरा ऑर्लिस. पडदा भर उन्हात वाचता येतो, पाण्यात पडला तरी चालतो, कितीतरी वर्षं अपडेट मिळत राहणार.

"तुझं मत काय रेवती?" हृषीने विचारलं.

"ऑर्लिस," मी म्हटलं. "चाहूलसाठी."

चाहूल ही त्या फोनमधली सोय. कंपनीने मराठीत नाव मात्र छान शोधलं होतं. फोनच्या वरच्या काठाशी तांदळाच्या दाण्याएवढी रडारची चिप होती. तिच्यातून काही मिलिमीटर लांबीच्या लहरी सतत बाहेर पडायच्या, गोधडीतून आरपार जायच्या आणि बाळाच्या छातीवर आपटून परत यायच्या. भिंतीवर चेंडू मारावा आणि तो किती वेळात परत येतो यावरून भिंत किती लांब आहे ते काढावं, तसं. फक्त इथे भिंत केसाच्या जाडीपेक्षा कमी हलली तरी कळतं. श्वासाने छाती वरखाली होते ती मोठी हालचाल, आणि हृदयाच्या ठोक्याने कातडी थरथरते ती बारीक. दोन्ही वेगळ्या काढायच्या की झालं. बाळाला काही चिकटवायला नको, वायर नको, पट्टा नको.

पण खरी कमाल पुढे होती. बाळ अचानक रडत नाही. रडण्याआधी श्वास तुटक व्हायला लागतो, ठोक्यांमधलं अंतर बदलतं, हातपाय एका ठरावीक लयीत हलतात. कंपनीने लाखो बाळांच्या नोंदी घेऊन यंत्राला हे शिकवलं होतं. रडं फुटायच्या साधारण चाळीस सेकंद आधी फोन हलकेच थरथरायचा आणि पडद्यावर शब्द यायचा. भूक. झोप. ओलं. पोटात वारा. कंटाळा.

मला हे हवं होतं. कारण विहंग झोपला की मी त्याच्या नाकाखाली बोट धरून बसायचे. श्वास लागला नाही की त्याला हलवून उठवायला जायचे, आणि मग लक्षात यायचं की पंखा चालू आहे, वारं सगळीकडूनच लागतंय. मग पंखा बंद करायचा, परत बोट. असा माझा दिवस जायचा. ऑर्लिस घरी आला आणि मी पहिल्यांदा सावकाश आंघोळ केली. हा उपकार मी विसरलेली नाही.

सासूबाईंना, ज्यांना मी आईच म्हणते, सुरुवातीला फोन मुळीच पटला नाही.

"लेकरू ओलं झालंय हे कळायला यंत्र? हात घाल की दुपट्यात."

आठवड्यातच त्या फोनशी बोलायला लागल्या. "हा हृषी रडून रडून निळा व्हायचा. मेल्या, तू कुठे होतास तेव्हा?" दसऱ्याला शस्त्रांच्या पूजेत विळी, सुरी, हृषीचा लॅपटॉप आणि माझी पुस्तकं मांडली होती. त्यांच्या मध्यभागी आईंनी फोन ठेवला आणि झेंडूचं सगळ्यात मोठं फूल त्याला वाहिलं. माझ्या पुस्तकांना पाकळ्या मिळाल्या.

आणि विहंग रडेनासा झाला. भुकेची चाहूल आली की मी पदर सारून तयार. ओल्याची चाहूल आली की आई लंगोट घेऊन हजर. कंटाळ्याची आली की हृषी खुळखुळा वाजवायचा. नाशिकच्या आमच्या सोसायटीत आमचं घर नावाजलं गेलं. शेजारच्या काळोखे काकू म्हणाल्या, "आमचा नातू आला की भिंती हलतात. तुमच्याकडे बाळ आहे की बाळाचा फोटो?"

आम्ही हसलो. आईंनी त्या संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली.

मला एकच गोष्ट खटकायची, आणि ती इतकी बारीक होती की बोलून दाखवायची लाज वाटायची. भूक लागली की विहंग कपाटावरच्या स्टँडकडे बघायचा. तिथे फोन असायचा. फोन थरथरायचा, मग मी यायचे. मी शेजारीच बसलेली असले तरी त्याचे डोळे आधी तिकडे जायचे.

"हुशार आहे," हृषी म्हणाला. "कारण कळतं त्याला."

"कारण मी आहे ना?"

"तू परिणाम," तो डोळा मारून म्हणाला. फिजिक्सवालीला असं म्हणायचं म्हणजे हद्द झाली. मी त्याला उशी फेकून मारली.

संक्रांतीनंतरच्या रविवारी विहंगचं बोरनहाण होतं. सातवा महिना लागून गेलेला. आईंनी काळ्या कापडाचं झबलं शिवलं होतं आणि हलव्याचे दागिने स्वतः ओवले होते. मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या. बाजारात तयार मिळतात, पण "बाजारचा हलवा टोचतो" म्हणून त्यांनी एकेक दाणा निवडून, बारीक रेशमी दोऱ्यात ओवून सगळं केलं होतं. पाटावर बसवलेला विहंग एखाद्या छोट्या राजासारखा दिसत होता. सोसायटीतली सगळी पोरं भोवती कोंडाळं करून. आईंनी वाटीने त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या ओतल्या आणि पोरांनी नुसता हल्ला केला. आरडाओरडा, ढकलाढकली, कुणाचं तरी कोपर कुणाच्या तरी नाकावर. काळोखे काकूंचा नातू, दोन वर्षांचा, बोर हातातून निसटलं म्हणून गळा काढून रडला.

विहंग नाही. तो शांत बसला होता. सगळ्या बायका म्हणत होत्या, किती गुणी!

त्याचा खालचा ओठ आत ओढलेला मी पाहिला. चेहरा थोडा आक्रसलेला. डोळे स्टँडकडे. मीही स्टँडकडे पाहिलं. फोन गप्प होता. मग काही नसेल, असं मला वाटलं, आणि मी तिळगूळ वाटायला उठले.

पाहुणे गेल्यावर दागिने उतरवायला बसले तेव्हा डाव्या मनगटीचा दोरा उसवलेला दिसला. त्याची लांब शेंडी करंगळीशेजारच्या बोटाला गुंडाळली गेली होती. पोरांच्या ओढाताणीत कधीतरी ती आवळली असणार. दोरा दिसतच नव्हता, कातडीत रुतला होता. बोट जांभळं पडलं होतं. सुजून दुप्पट.

मी "हृषी" म्हणून ओरडले. तेवढ्यात पुन्हा विहंगकडे नजर गेली. तो अजूनही स्टँडकडेच बघत होता. श्वास धरून.

तो वाट पाहत होता.

विहंगला लसी देणाऱ्या डॉक्टर तांबट यांनी रविवार असूनही दवाखाना उघडला. भिंग लावून, सुईएवढ्या टोकाच्या पात्याने त्यांनी दोरा कापला. बोटात रक्त परत यायला लागलं की असह्य कळ येते, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. "धरून ठेवा, आता किंचाळेल."

विहंगचं तोंड उघडलं. आवाज आला नाही. मान वळवून तो माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघायला लागला.

"पिशवीत काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुपटी, बाटली... फोन."

"चाहूलवाला?"

मी मान हलवली. त्यांनी हातमोजे काढले आणि खुर्ची ओढून माझ्या समोर बसल्या.

"या थंडीत असं तिसरं बाळ बघतेय. एकीच्या कानात गळू झालं होतं, पू उशीवर आला तेव्हा आईला कळलं. दुसऱ्याला चटका बसला होता. आणि तिन्ही घरची माणसं मला एकच सांगतात, आमचं बाळ अजिबात रडत नाही हो."

"पण त्याला ऐकू येतं ना?"

"छान येतं. तपासलंय मी. गळाही ठणठणीत आहे. शास्त्र म्हणून विचाराल तर तीन बाळं म्हणजे पुरावा नाही, हे तुम्हीच मला सांगाल. मी लिहून देऊ शकत नाही. पण माझं पोर असतं तर मी काय केलं असतं, ते मला माहिती आहे."

परत येताना रिक्षात मी विहंगच्या बोटाकडे बघत होते. जांभळं जाऊन लाल, लालाचं गुलाबी. फोन पिशवीतून काढला तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात, बोरनहाणाच्या वेळेची, करड्या अक्षरातली ओळ होती. 'खोलीत हालचाल जास्त असल्याने चाहूल तात्पुरती थांबवली आहे.' चाळीस माणसांच्या छात्या, उड्या मारणारी पोरं. त्यात एका चिमुकल्या छातीचा प्रतिध्वनी कसा सापडणार? यंत्राने प्रामाणिकपणे तसं सांगितलंही होतं.

वर्गात मी मुलांना कार्यकारणभाव शिकवताना दिव्याचं बटण दाखवते. बटण दाबलं की दिवा लागतो, परत दाबलं की विझतो. चारदा करून बघितलं की लहान पोरालाही कळतं, हे माझ्या हातात आहे. रडणं हे बाळाला सापडलेलं पहिलं बटण. मी आवाज केला, कुणीतरी आलं. परत केला, परत आलं. म्हणजे या जगात मी कुणालातरी हलवू शकतो. आमच्या घरात विहंगने हात उचलायच्या आतच दिवा लागत होता. त्याला भिंतीवर बटण आहे हेच माहीत नव्हतं.

हे सगळं मी घरी आल्यावर तसंच्या तसं हृषीला सांगितलं. तो त्याच्या फोनवर काहीतरी वाचत होता.

"हे बघ," तो म्हणाला. "मार्चच्या अपडेटमध्ये गर्दीतलं बाळ वेगळं ओळखता येणार आहे. शिवाय कॅमेरा कातडीचा रंग बघणार. बोट निळं पडायला लागलं की लगेच सांगेल."

"आणि त्याच्यापुढच्या अपडेटमध्ये दात येताना सांगेल, पडायच्या आधी सांगेल, शाळेत कुणी मारायच्या आधी सांगेल. त्याने कधी सांगायचं?"

"कुणी?"

"विहंगने!"

"रेवती, सात महिन्यांचा आहे तो. तुला त्याचं बोट वाचलेलं नकोय का?"

हे लागलं. मी पाणी प्यायला उठले आणि न पिताच परत आले.

"मला ते बोट दुखतंय म्हणून त्याने घर डोक्यावर घ्यायला हवंय. बंद कर चाहूल."

चाहूल बंद करायला, अगदी फोन बंद करायलाही, दोन्ही पालकांचे अंगठे लागत. एका पालकाने घाबरून किंवा रागाच्या भरात बंद करू नये म्हणून. कारणही निवडावं लागे. 'बाळ मोठे झाले', 'दुसरा फोन घेतला', 'तांत्रिक अडचण'. माझं कारण त्यात नव्हतं.

"एक वाईट दिवस गेला म्हणून मी नाही अंगठा देणार," हृषी म्हणाला. "तूच महिनाभर नाकाखाली बोट धरून बसायचीस. परत तेच करणार आहेस?"

"हो. परत तेच करणार आहे."

दोरा आईंनीच ओवला होता, म्हणून आतून तुटल्या होत्या, ते दिसत होतं. पण बोलल्या ते वेगळंच. "लेकराला मुद्दाम रडवणार? कसली ग आई तू?"

"उपाशी ठेवणार नाही आई, ओलं ठेवणार नाही. वेळेवर सगळं करणार. फक्त त्याने मागायच्या आधी धावणार नाही."

"शिकलेल्या बायकांचं काही कळत नाही बाई."

सोमवारी सकाळी हृषी कामावर गेला; माझी वाढवून घेतलेली रजा अजून चालू होती. मिलिमीटर लहरी गोधडीतून जातात, लाकडातून जातात, आईच्या पदरातून जातात. स्टीलमधून जात नाहीत. मी ओट्यावरचा पोळ्यांचा डबा रिकामा केला, घासला, पुसला, त्यात तो देखणा, महागडा, उन्हातही वाचता येणारा फोन ठेवला आणि झाकण दाबून बसवलं.

"अगं पोळ्या कुठे ठेवू आता?" आई.

"पातेल्यात."

थोड्याच वेळात हृषीचा आईंच्या फोनवर फोन. त्याच्या घड्याळावर 'बाळाशी संपर्क तुटला' असं लाल अक्षरात आलं होतं. मी आईंच्या हातून फोन घेतला.

"बाळाशी संपर्क मी करतेय. तू मीटिंग कर," म्हटलं आणि ठेवला.

सोपं होतं असं कुणी समजू नये. पहिले काही दिवस भयंकर होते. विहंग रिकाम्या स्टँडकडे बघायचा, ओठ आत ओढायचा आणि थांबायचा. मला त्याचा चेहरा वाचता येईना. ही भूक की झोप? इतके महिने मी शब्द वाचले होते, मुलगा वाचलाच नव्हता. शेवटी मी स्टँड उचलून माळ्यावर टाकला आणि तो बघायचा त्या जागी स्वतः बसले. चटई टाकून, कपाटाला पाठ लावून. त्याची नजर तिकडे वळली की तिथे मी. तो बघायचा, मी बघायचे. बिलकुल हालचाल करायची नाही. त्याने काहीतरी करेपर्यंत. काहीही.

एका दुपारी त्याने टाच आपटली. मी "काय रे राजा!" म्हणत अशी झेप घेतली की तो दचकलाच. मग परत आपटली, मुद्दाम, माझ्याकडे बघत. मी परत धावले. दोन दिवसांनी टाचेसोबत "अं" आलं. त्या "अं"साठी मी त्याला पदरात घेऊन पाजलं.

आई दारातून बघायच्या. हृषी रात्री डब्याचं झाकण उघडून फोन चार्ज करायचा, सकाळी मी परत डब्यात ठेवायचे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सगळे घरी होते. जेवणं झालेली. आमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार शांतता पाळायचा नियम आहे, लिफ्टशेजारी पाटीच लावली आहे. विहंग आतल्या खोलीत झोपला होता आणि मी गॅलरीत त्याची दुपटी वाळत घालत होते. आतून "अं" आलं. मी "आले" म्हटलं, पण हातातलं दुपटं झटकून दोरीवर टाकेपर्यंत क्षणभर उशीर झाला. दुसरं "अं" मोठं होतं. त्यात विचारणं होतं. आणि मग, जणू सात-आठ महिने साठवून ठेवलेलं एकदम बांध फोडून यावं, तसा तो रडला.

असा आवाज आमच्या घराने ऐकला नव्हता. खणखणीत, चढत जाणारा, मध्ये श्वास घेऊन परत वर. भांड्यांच्या मांडणीतला पेला वाजला, खोटं नाही सांगत.

हृषी सोफ्यावरून उडाला आणि थेट ओट्याकडे धावला. झाकणावर त्याचा हात पडलासुद्धा.

"हृषी, तिकडे कुठे?" मी ओरडले. "मुलगा इकडे आहे!"

तो तसाच उभा राहिला. डब्यावर हात, आणि कान आतल्या खोलीकडे. मी त्याच्या शेजारून आत पळाले.

विहंग पालथा पडला होता, मान वर उचलून, तोंड लालबुंद. मी दारात दिसले तसा त्याचा आवाज क्षणभर थांबला. त्याने मला पाहिलं. कपाट नाही, माळा नाही, मला. आणि मग आणखी जोरात रडला, दोन्ही हात पुढे टाकून, कुठे होतीस म्हणून भांडल्यासारखा. मी उचलून घेतला. त्याने माझे केस मुठीत आवळले, त्याच बऱ्या झालेल्या बोटाच्या हाताने.

आई मागे येऊन उभ्या होत्या. तोंडावर पदर, डोळ्यांत पाणी आणि हसूही.

"अग बाई, हा तर हृषीचाच गळा!" त्या म्हणाल्या. "अगदी तस्सा. मला माहितीच नव्हतं ग."

हृषी उंबऱ्यात उभा होता. त्याच्या दोन्ही हातांत काही नव्हतं.

"दे," तो म्हणाला. "माझ्याकडे दे जरा."

"थांब, भांडून होऊ दे त्याचं."

तेवढ्यात बेल वाजली, लागोपाठ दोनदा. मी विहंगला खांद्यावर घेऊनच दार उघडलं. काळोखे काकू होत्या, झोपेतून उठून आलेल्या, केस विस्कटलेले. मागे जिन्यात वरच्या मजल्यावरचे कोणीतरी डोकावत होते. विहंग माझ्या कानाशी सुरात सूर मिसळून रडतच होता.

"काय झालं ग? पडला का? पोळला का?" काकूंनी घाबरून विचारलं. मग पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमचा तर रडत नाही ना?"

मी दार सताड उघडलं, आवाज जिन्याभर जाऊ दिला.

"आता रडतो," मी म्हटलं.